'फॉक्सप्रोवाले' ते 'पायथनवाले': प्रोग्रामर एकाच भाषेला का चिकटतो?

बारावीचा निकाल लागला की तालुक्याच्या गावातल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो, 'जावा लावू की पायथन?' पोरगं एक भाषा शिकतं, त्यावर नोकरी लागते आणि पुढे वर्षानुवर्षं तीच त्याची ओळख होऊन बसते. 'तो जावावाला', 'ती डॉटनेटवाली'. सुताराला कुणी 'रंधावाला' म्हणत नाही. प्रोग्रामरला मात्र हत्याराच्या नावानं हाक मारतात. मग हत्यार बनवणाऱ्यानंच दुकान बंद केलं तर? महाराष्ट्रानं हे फॉक्सप्रोच्या बाबतीत जवळून पाहिलं आहे.

१९९० च्या दशकात कॉम्प्युटर शिकणं म्हणजे डॉस, वर्डस्टार, लोटस आणि फॉक्सप्रो. खातेदारांची, सभासदांची यादी ठेवणं, त्यातून हवी ती नोंद झटकन काढणं आणि हिशोब छापणं हे काम फॉक्सप्रो स्वस्तातल्या मशिनवरही झपाट्यानं करायचं. त्यामुळे अनेक पतसंस्था, दूध संघ, साखर कारखान्यांची सॉफ्टवेअर त्यात लिहिली गेली. बहुतेक वेळा लिहिणारा माणूस एकटाच. मार्चअखेरीला आणि गाळप हंगामाच्या तोंडावर त्याला बोलावणं यायचं. ताळेबंद जुळेना की 'फॉक्सप्रोवाले साहेबांना फोन लावा'. मान होता, पैसाही होता.

पण फॉक्सप्रोचा मालक एकच होता. मूळची फॉक्स सॉफ्टवेअर ही अमेरिकन कंपनी मायक्रोसॉफ्टनं १९९२ मध्ये विकत घेतली. व्हिज्युअल फॉक्सप्रोची ९ वी आवृत्ती २००४ च्या अखेरीस आली आणि मार्च २००७ मध्ये कंपनीनं सांगून टाकलं, १० वी निघणार नाही. जगभरातले फॉक्सप्रोवाले खवळले. स्पॅनिश भाषक प्रोग्रामरांनी तर सह्यांची मोहीम चालवली. कंपनी बधली नाही. जानेवारी २०१५ मध्ये उरलासुरला आधारही संपला.

बाहेरच्याला यात एवढं काय, असं वाटेल. एक भाषा गेली, दुसरी शिकायची! व्याकरण शिकायला महिना-दोन महिने पुरतात, हे खरंच आहे. पण प्रोग्रामरची कमाई व्याकरणावर नसते. कुठली चूक कशामुळे येते, वीज गेल्यावर बिघडलेली फाईल कशी सावरायची, कुठली आज्ञा लाखभर नोंदींवर दमते, हे हाताला बसायला दहा वर्षं जातात. भाषा बदलली की यातला मोठा हिस्सा मागे राहतो. वर नोकरीच्या जाहिरातीत 'अमुक भाषेचा पाच वर्षांचा अनुभव' अशी अट असते. चाळिशीतला माणूस नव्या भाषेत गेला की कागदावर तो कालच्या पोराच्या रांगेत उभा. घराचे हप्ते मात्र चाळिशीचेच! त्यामुळे कुणी 'तुमची भाषा आता संपली' म्हटलं की ते अंगाला लागतं. त्याला नुसता हट्ट म्हणणं अन्यायाचं होईल.

आता याच्या उलट कोबोल बघा. १९५९ मध्ये समिती नेमून तिचं काम सुरू झालं, म्हणजे फॉक्सप्रोपेक्षा ती कितीतरी म्हातारी. पण ती एका कंपनीच्या मालकीची नाही. तिचं आंतरराष्ट्रीय प्रमाणक आहे, आणि मोठमोठ्या बँका, विमा कंपन्या, सरकारी खाती यांचे व्यवहार आजही तिच्यावर चालतात. २००० साल उजाडण्याआधी तारखांचा घोळ निस्तरायला भारतातल्या कितीतरी कोबोलवाल्यांना काम मिळालं. एप्रिल २०२० मध्ये, कोरोनाच्या दणक्यात बेरोजगार भत्त्याचे अर्ज धो धो आले, तेव्हा अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरनी जाहीरपणे कोबोल येणाऱ्यांना मदतीची हाक दिली. म्हणजे जुनी भाषा म्हणून पोटाला मार, असंही सरळ गणित नाही. भाषेचा मालक कोण आणि तिच्यावर कुणाचा पैसा अडकला आहे, हे पाहावं लागतं. पायथन, जावा यांच्यामागे आज अनेक कंपन्या आहेत, ही जमेची बाजू. तरी पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपलाच, आणि जुने प्रोग्राम पायथन ३ मध्ये आणायचं काम पडलं.

आपल्याकडच्या फॉक्सप्रोवाल्यांचं काय झालं? कुणी डॉटनेट शिकलं, कुणी धंदाच बदलला. सहकारी बँकांत कोअर बँकिंग आलं, २०१७ च्या जुलैत जीएसटी आला, आणि जुने प्रोग्राम दुरुस्त करण्यापेक्षा नवी तयार पॅकेजं घेणं संस्थांना सोपं वाटू लागलं. पण एक काम नव्या पॅकेजवाल्यांना सहजी जमत नव्हतं, ते म्हणजे जुना डेटा नव्यात आणणं. फॉक्सप्रोला युनिकोड धड येत नाही. त्यामुळे सभासदांची मराठी नावं जुन्या फॉन्टच्या सांकेतिक अक्षरांत साठवलेली. फाईल दुसरीकडे उघडली की नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी! शिवाय ऊसबिलातून सोसायटीची वसुली आधी की तोडणी-वाहतूक आधी, कुठल्या रकान्यातला '९' म्हणजे मयत सभासद, हे कुठंच लिहून ठेवलेलं नसतं. ज्या जुन्या माणसाला हे तोंडपाठ होतं, त्याला भाषा जाऊनही बोलावणं येत राहिलं.

डॉसवरचं फॉक्सप्रो आजच्या ६४ बिट विंडोजवर थेट चालतही नाही. म्हणून एखाद्या कार्यालयात कोपऱ्यात कापड टाकून एक जुना पीसी जपलेला दिसतो, पंधरा-वीस वर्षांपूर्वीची खाती काढायला. वारसनोंदीचं प्रकरण आलं की कापड निघतं. मशिन चालू झालं नाही, की क्लार्क जुन्या डायरीत नंबर शोधायला लागतो.