सीताफळ व पांढऱ्या मातीचा फवारा

बालाघाटाच्या डोंगरउतारांवर, विशेषतः अंबाजोगाई व धारूर या भागांत, हलक्या मुरमाड जमिनीतही सीताफळ चांगले येते. अंबाजोगाईच्या सीताफळ संशोधन केंद्राचा ‘धारूर ६’ हा वाण बागाईतदारांच्या परिचयाचा आहे. बीडच्या सीताफळास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु फळाच्या डोळ्यांमधील खाचांत पिठ्या ढेकूण शिरला म्हणजे असे फळ बाजारात कोणी हाती धरीत नाही.

या किडीसाठी केओलिन या पांढऱ्या मातीचा फवारा मारावा काय, असा प्रश्न साहजिकच निघतो. फळझाडांवर मातीचा पातळ थर देण्याची ही पद्धत अमेरिकेच्या कृषी खात्यातील शास्त्रज्ञांनी १९९० नंतरच्या दशकात पुढे आणली. माती किडीस मारीत नाही. थरामुळे किडीचा पाय नीट ठरत नाही, कण तिच्या अंगास चिकटतात व अंडी घालण्यास जागा सोयीची राहत नाही. म्हणून फवारा किडीच्या आधी बसला पाहिजे. मेणचट कापसाखाली दडलेल्या ढेकणावर तो व्यर्थ होय.

सीताफळाची खरी अडचण ऋतूची आहे. उन्हाळ्यात झाड बहुतांशी निष्पर्ण असते. पालवी व फुले येतात तोच पावसाळा लागतो आणि पाऊस थर धुऊन नेतो. शिवाय परागीकरण बारीक भुंगेऱ्यांकडून होत असल्याने ऐन फुलोऱ्यात फवारणे इष्ट नाही. फळे सुपारीएवढी असता पावसाची उघडीप मिळाली, तरच प्रथम चार-सहा झाडांवर प्रयोग करून पाहावा. फळे मोठी झाल्यावर फवारू नये, कारण खाचांतील माती सहजी निघत नाही.

१०० लिटर पाण्यास ५ किलो केओलिन घ्यावे. ते प्रथम थोड्या पाण्यात कालवून फडक्यातून गाळावे. फवारताना द्रावण सारखे ढवळावे, नाहीतर माती तळाशी बसून तोटी तुंबते. शाडू किंवा ओढ्याकाठची माती वापरण्याचा मोह टाळावा. तीत वाळू व क्षार असतात.

पिठ्या ढेकणाची पिले जमिनीतून खोडावरून चढतात आणि त्यांच्या गोड स्रावासाठी मुंगळे त्यांची राखण करतात. तेव्हा मातीच्या फवाऱ्यापेक्षा खोडाचा बंदोबस्त अधिक भरवशाचा. जमिनीपासून सुमारे एक फूट उंचीवर प्लॅस्टिकची पट्टी घट्ट बांधून तीवर ग्रीस लावावे. जमिनीस टेकलेल्या फांद्या छाटाव्यात, नाहीतर मुंगळ्यांना दुसरी वाट मिळते. ढेकूण खाणारे क्रिप्टोलिमस भुंगेरे झाडावर दिसल्यास मातीचाही फवारा थांबवावा, कारण तो थर त्यांनाही अडथळाच ठरतो.