पासिंग कुठलं?

भामरागडच्या बाजारात उभ्या मोटारसायकलींच्या पाट्या वाचत फिरणं हा माझा जुना छंद. एमएच ३३ म्हणजे आपला गडचिरोली, ३४ म्हणजे चंद्रपूर. त्यांच्या रांगेत सीजी २० दिसली की ती इंद्रावतीपलीकडच्या बिजापूरची, सीजी २१ असली तर नारायणपूरची, अबुजमाडाच्या बाजूची. हेमलकशाला लोक बिरादरीच्या दवाखान्यापाशीही या गाड्या भेटतात. १९७३ साली बाबा आमट्यांनी सुरू केलेल्या या प्रकल्पाकडे छत्तीसगडचे रुग्ण वर्षानुवर्षं येत आले आहेत. आता कित्येकदा दुचाकीवर, मागे आजाऱ्याला धरून बसलेला भाऊ घेऊन.

सिरोंच्याकडे तर पाट्यांमध्ये इतिहास वाचायला मिळतो. नदीपलीकडे काळेश्वरमला आधी एपी होतं. २ जून २०१४ला तेलंगणा झालं आणि टीएस आलं. मार्च २०२४पासून नव्या गाड्यांना टीजी. बिजापूरकडेही नोव्हेंबर २०००पर्यंत एमपीच होतं. जुन्या गाड्यांवर जुनी अक्षरं राहतात, त्यामुळे एकाच गावच्या तीन गाड्या तीन पाट्या मिरवताना दिसतात. हे बघताना माझा वेळ कसा जातो ते कळत नाही.

धोडराजच्या वाटेवर एका तरुणाने मला विचारलं होतं, “मामाची सीजी पासिंगची गाडी आहे. इकडे चालवायला कागद काढावा लागतो का?” नाही लागत. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ४६: एका राज्यात झालेली नोंदणी साऱ्या भारतात चालते. परवान्याचंही तसंच. आरसी, विमा, पीयूसी आणि परवाना जवळ असला, मोबाइलवर डिजिलॉकरमध्ये असला तरी, मामाची गाडी बिनधास्त चालवावी. नुसत्या परराज्याच्या पाटीवरून माणसाला भेदरवणं मला अन्यायाचं वाटतं. सीमेवरच्या माणसाचं सासर, बाजार आणि दवाखाना नदीच्या दोन्ही काठांना असतो.

कायदा बघतो ते गाडी राहते कुठे. दुसऱ्या राज्यात ती बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवली, तर कलम ४७ प्रमाणे तिथला नवा नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी हवी, कर्ज असेल तर फायनान्स कंपनीची संमतीही. एनओसीच्या अर्जावर तीस दिवसांत उत्तर आलंच नाही, तर ती दिली असं कायदा मानतो. हे कलम ४८ मध्ये स्पष्ट आहे आणि अर्जदाराच्या फार कामाचं आहे. मग नव्या राज्याचा कर, गाडीच्या वयानुसार. जुन्या राज्याकडून उरलेल्या कराचा परतावा मागता येतो, पण त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो.

१५ सप्टेंबर २०२१पासून बीएच मालिका आली. सैन्य, केंद्र-राज्य सरकारचे कर्मचारी आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांचे नोकर यांना ती मिळते. कर दोन-दोन वर्षांचा, आणि बदली झाली तरी नंबर तोच. भामरागडच्या तळावर आज आणि उद्या दुसऱ्याच राज्यात असणाऱ्या सीआरपीएफ जवानासाठी हा उत्तम नियम आहे. इथल्या माडिया आदिवासी शेतकऱ्याला मात्र त्याचा काही उपयोग नाही.

त्याची अडचण निराळी आहे. पलीकडून स्वस्तात जुनी गाडी येते, व्यवहार तोंडी होतो, आरसीवर नाव पहिल्याच मालकाचं राहतं. पुढे अपघात झाला की विम्याचा दावा अडतो, गाडी चोरीची निघाली की चौकशी चालवणाऱ्याची होते. मूळ मालक शोधायला बिजापूर गाठा, नोंदणीसाठी गडचिरोलीला जा, तेही दीडशे किलोमीटरहून लांब आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीने वाट दिली तर. परिवहन खात्याने महिन्यातून एकदा तरी भामरागडला शिबिर भरवून ही कामं तिथेच करावीत, असं माझं ठाम मत आहे.

तोवर सीमेपलीकडची गाडी घेणाऱ्यांना एकच सांगणं: परिवहनच्या संकेतस्थळावर नंबर टाकून गाडीची नोंद पाहा, चेसिस नंबर आरसीशी ताडून घ्या, आणि एनओसी हातात पडेपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका.