रानडुकराचा जंत आणि माळकऱ्याची फिट

भाताला लोंब्या धरल्या की रानडुकरे शेतात उतरतात आणि एका रात्रीत उभे पीक आडवे करून जातात. त्यांचा बंदोबस्त कसा करावा, हा वनखात्याचा आणि शेतकऱ्यांचा विषय आहे, माझा नव्हे. परवानगीशिवाय शिकार करणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हेही सर्वांना ठाऊक आहे. तरीसुद्धा कुठे डुक्कर पडले की त्याचे वाटे घरोघर जातात, ही गोष्ट गावच्या डॉक्टरपासून लपून राहत नाही. दोन-तीन वाचकांनी मला एकच प्रश्न विचारला आहे. गावडुक्कर घाण खाते म्हणून त्याच्या मांसात जंत असतात. पण रानडुक्कर कंदमुळे खाणारे, त्याचे मांस तरी निर्धोक ना?

वाचकहो, तसे नाही. गावडुक्कर हे रानडुकराचेच माणसाळलेले वंशज. दोघांची जात एकच आणि दोघांचे खाणेही जवळजवळ सारखेच. कंद, गांडुळे, मेलेले जनावर आणि वाटेत सापडली तर माणसाची विष्ठासुद्धा रानडुक्कर सोडत नाही. ही शेवटची गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण या रोगाचे सारे गणित तिथेच आहे.

ज्या जंताविषयी मी लिहितो आहे त्याचे शास्त्रीय नाव टेनिया सोलियम. शिंप्याच्या टेपसारखा चपटा आणि लांब, म्हणून त्याला टेपवर्म किंवा पट्टकृमी म्हणतात. पूर्ण वाढलेला जंत फक्त माणसाच्या आतड्यात राहतो. डोक्यावरच्या आकड्यांनी तो आतड्याला धरून ठेवतो आणि दोन ते चार मीटर, कधी त्याहूनही लांब वाढतो. त्याचे अंग शेकडो तुकड्यांचे बनलेले असते. शेवटचे पिकलेले तुकडे गळून शौचावाटे बाहेर पडतात आणि एकेका तुकड्यात हजारो अंडी असतात. ही अंडी डुकराच्या पोटात गेली की त्यांतून सूक्ष्म अळी निघते, आतडे भेदून रक्तात शिरते आणि जिभेत, खांद्यात, मांडीत, काळजात जाऊन बसते. दोन-अडीच महिन्यांत तिथे भिजवलेल्या साबुदाण्यासारखी पांढुरकी पुटकुळी तयार होते. असे मांस माणसाने अर्धेकच्चे खाल्ले की पुटकुळीतला जंत माणसाच्या आतड्यात वाढू लागतो. म्हणजे डुकराला हा रोग माणूस देतो आणि डुक्कर तो माणसाला परत करते.

आता रानडुकराचे पाहा. घनदाट जंगलात, माणसाचा वावर नाही तिथे, त्याला हा जंत होण्याचे कारणच नाही. पण शेताच्या कडेला आहे. राखणीला माळ्यावर झोपणारा माणूस पहाटे बांधाच्या पलीकडे जाऊन बसतो आणि त्याच बांधावर रात्री डुकरे येतात. त्या माणसाच्या पोटात जंत असला, तर तो पीक राखता राखता डुकरांना अंडी चारत असतो. घरी संडास बांधले गेले, पण शेतातली सवय काही ठिकाणी अजून गेलेली नाही. शिवाय खाटकाकडचे मांस निदान तपासले जाण्याची शक्यता असते. शिकारीचा वाटा कोणताही पशुवैद्य पाहत नाही. जिभेखाली गाठी हाताला लागतात का, हे चाचपून पाहण्याची पद्धत अनेक देशांत आहे; पण थोड्याच पुटकुळ्या असल्या तर जीभ स्वच्छ दिसते, तेव्हा तिच्यावर भरवसा ठेवू नये.

पोटातला हा जंत फारसा त्रास देत नाही. कधी पोटात कळ, कधी मळमळ, कधी शौचात पांढऱ्या चपट्या फितीचे तुकडे. पुष्कळांना वर्षानुवर्षे पत्ताच नसतो. खरा धोका वेगळाच आहे. जंताची अंडी माणसाच्याच तोंडात गेली, तर माणसाचे शरीर डुकरासारखे वागते. अळी रक्तातून फिरते आणि स्नायूंत, डोळ्यांत किंवा मेंदूत पुटकुळी करून बसते. मेंदूत बसली की फिट येऊ लागतात.

माझ्याकडे आलेले एक माळकरी गृहस्थ स्कॅनचा कागद पुढे करून चिडून म्हणाले होते, "डॉक्टर, माझ्या तीन पिढ्यांत कुणी अंडे फोडले नाही. डुकराचा जंत माझ्या डोक्यात शिरलाच कसा?" त्यांचा राग रास्त होता, पण उत्तर वरच आले आहे. मांस खाऊन होतो तो पोटातला जंत. मेंदूतला रोग होतो तो अंड्यांमुळे, आणि अंडी कुणाही जंतवाल्या माणसाच्या न धुतलेल्या हातावरून, मळ मिसळलेल्या पाण्यातून, कोथिंबीर-मुळ्यावरून ताटात येतात. न्यूयॉर्कमध्ये डुकराचे मांस वर्ज्य मानणाऱ्या सनातनी ज्यू समाजातल्या चौघांना हा मेंदूचा रोग झाला होता. त्याचा अहवाल १९९२ साली प्रसिद्ध झाला. त्या घरांतल्या सहा नोकरांची तपासणी केली, तेव्हा एकाच्या पोटात टेनिया जातीचा जंत निघाला.

जाता जाता कोबीविषयी. कोबीतली अळी मेंदूत जाते, या भीतीने कितीतरी घरांनी कोबी बंद केला आहे. कोबीतली हिरवी अळी फुलपाखराची किंवा पतंगाची. तिचा नि या जंताचा काडीचा संबंध नाही. भाजीवर मैल्याचे पाणी पडले असेल, तर कोबीच काय, कोणतीही कच्ची भाजी धोक्याची. भरपूर वाहत्या पाण्यात धुवा. शिजवून खाल्ली तर भीतीच नाही.

मोठ्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच फिट आली, तर ती बाहेरची बाधा समजून दिवस घालवू नका. कांदा आणि चप्पल हुंगवून फिट थांबत नाही. ती बहुधा आपली आपणच थांबते आणि श्रेय चपलेला जाते. रोग्याला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका आणि नंतर तपासणी करून घ्या. आपल्याकडे मेंदूतल्या अशा एकाकी लहान गाठी पूर्वी क्षयाच्या समजून रुग्णांना महिनोन् महिने क्षयाची औषधे देत असत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील डॉक्टरांनी अशा गाठी काढून तपासल्या आणि त्यांतल्या पुष्कळ या जंताच्या आहेत, हे १९८९ साली दाखवून दिले. त्यामुळे अनेकांची विनाकारण औषधे वाचली. मुलीला फिट येते म्हणून लग्न जमणार नाही, या धास्तीने आजार लपवणाऱ्या आईबापांना मी हे मुद्दाम सांगतो. अशी एकच गाठ असेल तर ती बहुतेक वेळा विरून जाते. तोवर फिटच्या गोळ्या नियमित घ्याव्या लागतात, त्या मनाने बंद करू नयेत.

आणि जंताची गोळीही मनाने घेऊ नये. शाळेत मुलांना देतात ती एक गोळी गोल जंतांवर चांगली, पट्टकृमीवर तिचा भरवसा नाही. ज्याला फिट येतात किंवा सतत डोके दुखते, त्याने तर ती विचारल्याशिवाय घेऊच नये. मेंदूतला जंत औषधाने मरू लागला की भोवती सूज येते आणि रोगी अत्यवस्थ होऊ शकतो. पोटातल्या जंतावर वेगळे, खात्रीचे औषध आहे. शौचात फितीचे तुकडे दिसले तर लाजू नका, तुकडा बाटलीत घालून डॉक्टरांना दाखवा. तुमच्या पोटातला जंत गेला की तुमच्या घरच्यांचा धोकाही जातो.

डुकराचे मांस खायचेच तर आतपर्यंत शिजलेले खा. मोठा तुकडा निखाऱ्यावर भाजला की वरून करपतो आणि हाडाजवळ गुलाबी राहतो. पुटकुळ्या तिथे जिवंत राहतात. तुकडे लहान करून, आत गुलाबी रंग उरणार नाही इतके रटरटू द्या. मीठ लावून वाळवलेले किंवा धुरी दिलेले मांस सुरक्षित समजू नका.

कुत्र्यांचे सांगायचे राहिले. रानडुकराच्या काळजावर किंवा फुप्फुसावर कधी पाण्याने भरलेले फुगे दिसतात. ते वेगळ्या पट्टकृमींचे असतात आणि त्यांचे पूर्ण वाढलेले जंत कुत्र्याच्या आतड्यात राहतात. त्यांतला एक आपल्याला निरुपद्रवी; पण दुसऱ्याची कुत्र्याच्या विष्ठेतली अंडी आपल्या पोटात गेली, तर आपल्या यकृतात नाही तर फुप्फुसात तसाच फुगा वाढतो आणि त्याला कित्येकदा शस्त्रक्रियाच करावी लागते. नुसत्या डोळ्यांनी हा कोणता फुगा ते मलाही सांगता येणार नाही. म्हणून डुक्कर शिकारीचे असो की शेतात मेलेले सापडलेले, त्याची आतडी, काळीज, फुप्फुसे कुत्र्यांपुढे टाकू नका. कुत्री उकरून काढणार नाहीत इतक्या खोल खड्ड्यात ती पुरा आणि वर दगड ठेवा.