निळ्या खड्याच्या पोटात

माजलगावात कृषी सेवा केंद्रात मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेटचा निळा खडा, सहज मिळतो. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. मोसंबीवाल्यांना हे बोर्डो मिश्रण तोंडपाठ. मला मात्र फवारणीपेक्षा त्या खड्याचंच जास्त कौतुक.

आत तांब्याच्या प्रत्येक अणूभोवती पाण्याचे चार रेणू चौकोनात बसलेले असतात. खालून-वरून सल्फेट त्याला पुढच्या तांब्याशी जोडतं. झाली साखळी! अशा साखळीलाच ‘को-ऑर्डिनेशन पॉलिमर’ म्हणतात. पाण्याचा पाचवा रेणू तांब्याला शिवतही नाही, शेजाऱ्यांचा हात धरून उभा असतो.

खडा तापवला की साधारण ६३ अंशांना दोन रेणू निघून जातात, १०९ च्या सुमारास आणखी दोन. उरलेला एक दोनशे अंशांच्या पुढे जाईपर्यंत हटत नाही. शंभर ग्रॅमचे ६४ उरतात, निळा रंग जातो, पांढरी भुकटी राहते. तिच्यावर पाणी टाका, पुन्हा निळी आणि चक्क गरम! (घरच्या भांड्यात नको, मोरचूद विषारी आहे.)

तांब्याचा प्रत्येक आयन म्हणजे इवलासा चुंबक. निळ्या खड्यात त्यांची शिस्त लागायला निरपेक्ष शून्याच्या एका अंशाहूनही जवळ जावं लागतं. पाणी गेल्यावर सल्फेटची जोडणी बदलते, चुंबकांची ओळख घट्ट होते आणि उणे २३८ अंशांच्या आसपासच ते आलटून-पालटून उलटसुलट तोंडं करून उभे राहतात.