संगणकाला लागणारे बांडगूळ



शिकागोच्या आमच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर एकीकडे साड्या-मसाल्यांची दुकाने, तर पश्चिमेला पुढे गेले की कोशर दुकाने. याच रस्त्याच्या पाट्यांवर गांधीजींचे नाव आहे आणि गोल्डा मेयर यांचेही. इथे राहून मुंबई-ठाण्याच्या आणि इस्रायलमधल्या नातलगांची तोंडे आम्हाला संगणकावरच दिसतात. म्हणून त्याच्या दुखण्याची ओळख हवी.

कोकणात आंब्याच्या झाडावर बांडगूळ आपण पाहिले आहे. ते झाडाच्याच रसावर वाढते आणि पक्ष्यांच्या चोचीने दुसऱ्या झाडावर जाते. संगणकाचा व्हायरस तसाच. तो माणसानेच लिहिलेला प्रोग्रॅम असतो. ईमेलला जोडलेली फाईल, अनोळखी लिंक किंवा फुकट मिळालेला प्रोग्रॅम उघडला की तो आत शिरतो आणि पुढे पसरतो.

एका जुन्या व्हायरसचे नावच ‘जेरुसलेम’ आहे. १९८७ साली तो जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात सापडला. १३ तारखेला शुक्रवार आला की त्या दिवशी जो प्रोग्रॅम चालवावा तो पुसला जाई. पण त्याआधीच लक्षणे दिसत : संगणक मंद होई आणि तीच फाईल पुन्हा पुन्हा फुगत जाई. लक्षण वेळीच ओळखले, तर नुकसान टळते.

आजची लक्षणे अशी :

१. संगणक एकाएकी फार मंद होणे. मात्र मंदपणा एकटाच असेल, तर ते बहुधा म्हातारपण; आपल्याला ते नवे नाही!
२. काही उघडलेले नसताना जाहिराती येणे, किंवा इंटरनेटचे पहिले पान आपोआप बदलणे.
३. आपण न पाठवलेले ईमेल ओळखीच्यांना मिळणे.
४. अँटीव्हायरस आपोआप बंद पडणे.
५. फाईली न उघडणे, त्यांची नावे बदलणे, पैशांची मागणी दिसणे.

शेवटचे लक्षण सर्वांत वाईट. जून २०१७ मध्ये अशाच एका व्हायरसमुळे आपल्या रायगड जिल्ह्यातील न्हावा-शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. त्या व्हायरसने पैसे मागितले, पण पैसे भरूनही फाईली परत मिळण्याची सोय त्यात नव्हती.

आता सर्वांत महत्त्वाचे. खरा व्हायरस सहसा गुपचूप काम करतो. पडदाभर लाल इशारा, भोंगा आणि ‘ताबडतोब या नंबरवर फोन करा’ असे दिसले, तर समजावे की पलीकडे ठक बसला आहे. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर धाडी घातल्या. तिथून अमेरिकेतल्या लोकांना कर खात्याच्या नावाने धमकावले जात होते. फोनवरचा माणूस आपल्या बोलीत गोड बोलला, म्हणून तो आपला होत नाही. गिफ्ट कार्डाचे आकडे मागणारा तर हमखास लबाड.

असा इशारा आला तर फोन करू नये. संगणकाचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरावे. तो बंद होतो. संसर्गाचा संशय असेल तर आधी इंटरनेट तोडावे, माहितगाराला दाखवावे आणि दुसऱ्या यंत्रावरून पासवर्ड बदलावेत. कोणाला बँकेची माहिती दिली गेली असेल, तर कार्डाच्या मागच्या नंबरवर लगेच कळवावे. लाजून गप्प बसू नये; उशीर झाला की पैसे परत मिळणे कठीण होते.

आणि एक सवय : दर शुक्रवारी, शब्बाथच्या दिवे लावण्याआधी, फोटो आणि कागदपत्रांची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवावी. जोडलेली राहिली, तर बांडगूळ तिलाही लागते.