एका दोरीचा भरवसा

नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करून होडी पाण्यात लोटायची, हा आपल्या किनाऱ्याचा जुना शिरस्ता. त्यामागे जशी श्रद्धा आहे तशी तयारीही आहे. १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात यांत्रिक नौका नांगरून पडतात. लहान होड्याही झावळ्यांच्या छपराखाली ओढून ठेवल्या जातात. जाळी दुरुस्त होतात, फळ्यांच्या सांधी बुजवल्या जातात. होडीच्या पाठीला लावायची आऊटबोर्ड मोटार मात्र पुष्कळदा गोणपाटाखाली तशीच पडून राहते आणि ऐन वेळी दोरीला हिसके देत नशिबाला बोल लावण्याची पाळी येते. खाडीच्या मुखाशी लाट फुटत असताना मोटार बंद पडली आणि दोरीनेही दगा दिला, तर प्रश्न यंत्रापुरता राहत नाही. तो होडीतल्या माणसांच्या जिवाचा होतो.

नॉर्वेत जन्मून अमेरिकेत स्थायिक झालेल्या ओले एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये आपली मोटार बाजारात आणली. ती दीड अश्वशक्तीची आणि ६२ पौंड वजनाची होती. फ्लायव्हीलवरची मूठ धरून ती हातानेच फिरवावी लागे. पुढे फ्लायव्हीलच्या खाचेत गाठ अडकवून दोरी गुंडाळण्याची पद्धत आली. पण प्रत्येक खेपेला दोरी नव्याने गुंडाळावी लागे, आणि हेलकावणाऱ्या होडीत ते काम सोपे नव्हते. त्यावरचा उपाय म्हणजे आपोआप मागे गुंडाळली जाणारी दोरी, अर्थात रिकॉइल स्टार्टर.

त्याची रचना साधी, पण मोठी कल्पक आहे. झाकणाखाली एक कप्पी असते. कप्पीवर दोरी आणि आत घड्याळाच्या स्प्रिंगसारखी वेटोळी पोलादी पट्टी. दोरी ओढली की कप्पीवरची खिटी बाहेर येऊन फ्लायव्हीलला अडकते व यंत्र फिरते. यंत्राने पेट घेताच खिटी आपण होऊन सुटते आणि स्प्रिंग दोरी आत ओढून घेते. खाऱ्या हवेत ग्रीस वाळले की खिटी अडते. मग दोरी येते, पण यंत्र फिरत नाही. पट्टी गंजून तुटली तर दोरी माघारी जात नाही.

हे उघडताना घाई म्हणजे संकटाला आमंत्रण. दाबून बसवलेली पट्टी अचानक सुटली तर पात्यासारखी अंगावर येते. म्हणून डोळ्यांना चष्मा आणि हातांत जाड मोजे हवेत. कप्पी धरून ताण हळूहळू सैल करावा. भाग रॉकेलने धुऊन, गंज काढून, पातळ ग्रीस लावावे. नवी नायलॉनची दोरी मूळच्याच जाडीची व लांबीची असावी. दोरी संपण्याआधी स्प्रिंगची गुंडाळी संपली तर पट्टी तुटते, हे लांब दोरी घालणाऱ्याने ध्यानात ठेवावे. टोके ज्योतीवर वितळवून घ्यावीत, म्हणजे धागे सुटत नाहीत.

परंतु नुसती दोरी नवी करून मोटार नवी होत नाही. वर्षानुवर्षे पडून असलेल्या मोटारीला प्रथम हिसका देऊच नये. प्लग काढून सिलिंडरमध्ये तेलाचे काही थेंब सोडावेत, रात्रभर ठेवावे, मग फ्लायव्हील हाताने फिरवून पाहावे. मॅग्नेटोचे पॉइंट साफ करावेत. अनेक जुन्या जॉन्सन व एव्हिनरूड मोटारींत त्यांचे अंतर इंचाचा पन्नासावा भाग इतके ठेवतात. कॉइलला तडा असेल तर ती बदलावी. गिअरचे तेल दुधाळ दिसले, तर सीलमधून पाणी शिरले असे समजावे. पाण्याच्या पंपाचे रबरी चक्र बदलावे आणि चाचणी गोड्या पाण्याच्या पिंपातच घ्यावी. कोरडी चालवलेली मोटार ते चक्र काही क्षणांत जाळून टाकते. पेट्रोलमधील तेलाचे प्रमाण अंदाजाने नव्हे, त्या मोटारीसाठी सांगितलेलेच ठेवावे.

जुन्या टू-स्ट्रोक मोटारी इंधनाचा बराच भाग न जाळताच पाण्यात सोडतात, हा आक्षेप खरा आहे. रोजच्या कामाला फोर-स्ट्रोक मोटार अधिक बरी, यात वाद नाही. पण नवी मोटार घेणे प्रत्येक पागेल्याच्या ऐपतीत नसते, आणि जुनीवर ज्याचा हात बसला त्याला नवीही कळते. एव्हिनरूडचे उत्पादन २०२० मध्ये थांबले. कारखाना मिटला की यंत्राचे आयुष्य मेस्त्रीच्या हाती येते. पण त्या मेस्त्रीची विद्या कोणाच्या हाती सोपवायची, याचा विचार आपण केलेला नाही.

ही विद्या पुस्तकात नाही. ती काळ्या पडलेल्या बोटांत आहे. तंत्रशिक्षण संस्थांनी आणि मच्छीमारांच्या सहकारी सोसायट्यांनी दर पावसाळ्यात किनाऱ्यावरच दुरुस्तीचे वर्ग भरवावेत, जाणत्या मेस्त्रींना मानधन देऊन शिकवायला बसवावे, आणि दर्यात उतरणाऱ्या प्रत्येक होडीत वल्ह्यांची जोडी आहे की नाही हेही पाहावे. यासाठी मोठ्या योजना नकोत, थोडी दूरदृष्टी पुरे. दर्याची कृपा मागण्याचा अधिकार आपली दोरी तपासून निघालेल्यालाच अधिक शोभतो.