मागच्या गाडीचं स्टीअरिंग कोण धरतं?

अमेरिकेतल्या अॅरिझोना राज्यात, कॅलिफोर्नियाच्या सीमेजवळ क्वार्ट्झसाइट नावाचं एक वाळवंटी गाव आहे. उन्हाळ्यात तिथं फारसं कुणी फिरकत नाही. जानेवारीत मात्र थंडीला कंटाळलेल्या उत्तरेकडच्या लोकांची तिथं जत्रा भरते आणि ही मंडळी येतात ती घरदार चाकांवर घालूनच. ‘इंटरस्टेट 10’ महामार्गाच्या कडेला जरा वेळ उभं राहिलं की बसएवढी मोटरहोम जाताना दिसते आणि तिच्या मागे टो-बार नावाच्या त्रिकोणी लोखंडी दांड्याने जोडलेली एखादी जीप किंवा होंडा. चारही चाकं रस्त्यावर, मागचे दिवे चालू, आत चिटपाखरू नाही. मोटरहोम वळते तसं त्या रिकाम्या गाडीतलं स्टीअरिंग आपलं आपण फिरतं आणि वळण संपलं की सरळ होतं. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ही भुताटकीच वाटते.

गाडी मागे घ्यायचं कारण साधं आहे. पस्तीस-चाळीस फुटी मोटरहोम एकदा तळावर लावली, पाण्याची नळी आणि विजेची वायर जोडली, की दूध-पाव आणायला ती पुन्हा कोण हलवणार? त्यासाठी छोटी गाडी लागते. ती ट्रेलरवर चढवून नेता येते किंवा पुढची दोन चाकं डॉली नावाच्या छोट्या गाड्यावर ठेवून ओढता येते. पण ट्रेलर जड असतो, शिवाय मुक्कामी पोचल्यावर तो रिकामा ट्रेलर ठेवायचा कुठे हा प्रश्न उरतोच. म्हणून बहुतेकांची पसंती चारही चाकांवर ओढण्याला. अशा गाडीला तिथले लोक ‘टोड’ किंवा ‘डिंगी’ म्हणतात. ‘मोटरहोम’ हे मासिक तर कोणती गाडी अशी ओढता येते याची मार्गदर्शिका दरवर्षी काढत असे.

या पद्धतीत चालक एक आणि स्टीअरिंगं दोन असतात. पुढचं हातात असतं, मागचं नुसत्या भूमितीच्या भरवशावर. मागचं बिघडलं तर ते चालकाच्या हाताला जाणवतच नाही, कारण दहा-बारा टनांच्या मोटरहोमला दीड टनाच्या गाडीची ओढाताण कळत नाही. मागच्या कॅमेऱ्याकडे नजर गेली तरच कळणार, नाहीतर शेजारून जाणारा कुणीतरी हातवारे करून सांगेपर्यंत टायरचा चुरा झालेला असतो.

ही भूमिती समजून घेण्यासारखी आहे. गाडीचं पुढचं चाक ज्या आसाभोवती डावी-उजवीकडे वळतं, तो आस उभा नसतो. त्याचं वरचं टोक किंचित मागे झुकवलेलं असतं. हा झुकाव म्हणजे कॅस्टर, आणि आजच्या गाड्यांत तो साधारण 3 ते 7 अंश असतो. आसाची रेघ जमिनीपर्यंत लांबवली तर ती टायर जिथे टेकतो त्याच्या थोडी पुढे पडते. म्हणजे टायर आपल्या आसाच्या मागे फरफटत असतो, आणि ओढली जाणारी वस्तू ओढीच्या दिशेला वळते. सुपरमार्केटातल्या ट्रॉलीचं पुढचं चाक ढकलल्यावर जसं आपोआप रांगेत येतं, तसंच हे. टो-बारचा त्रिकोण गाडीच्या नाकाला घट्ट जोडलेला असतो. आडवं वळायला मोकळीक असते ती फक्त मोटरहोमच्या शेपटीकडच्या एका सांध्यावर. नाक ज्या बाजूला ओढलं जातं, त्या बाजूला पुढची चाकं वळतात आणि मागची मुकाट्याने पाठोपाठ येतात.

हे सगळं पुढे जाताना. उलटं जायची वेळ आली की हाच कॅस्टर वैरी होतो.

मागे ढकलताना टायर आसाच्या पुढे येतो. चाक एका अंशानेही वाकडं असेल तर ते आणखी वाकडं व्हायला बघतं आणि बघता बघता टोकापर्यंत वळून अडकतं. मग गाडी आडवी घसरू लागते, आणि चाळीस फुटी मोटरहोमचा सगळा जोर टो-बारच्या दोन बाहूंवर येतो. बाहू वाकतात, कधी गाडीच्या पुढच्या चौकटीला बसवलेली प्लेट वाकते. म्हणून टो-बार बनवणारे बजावून सांगतात की गाडी जोडलेली असताना मागे घ्यायची नाही. हा नियम पाठ असूनही माणसं फसतात, आणि फसण्याची हमखास जागा म्हणजे पेट्रोल पंप. शिरताना रस्ता मोकळा दिसतो, आत गेल्यावर पुढे डिझेलचा ट्रक उभा. पुढे जाता येत नाही, मागे घेता येत नाही. मग भर रांगेत उतरून टोड सोडवायची. त्यात मोटरहोम तिरकी थांबलेली असेल तर टो-बारच्या खिळ्यांवर ताण बसलेला असतो आणि ते हाताने निघत नाहीत. जुने-जाणते प्रवासी त्यासाठी गाडीत रबरी हातोडा बाळगतात. पाठीमागचे हॉर्न वाजवत असतात, नवरा-बायकोची खिळ्यावरून जुंपलेली असते आणि मुलं खिडकीतून मजा बघत असतात.

भूमिती काम करायला स्टीअरिंग मोकळं हवं. इथे आडवं येतं ते चोरीपासून वाचवणारं स्टीअरिंग लॉक. चावी काढली की ते बसतं, आणि बसलं की चाकं वळायचं नाव घेत नाहीत. पहिल्याच वळणावर टायर रस्त्यावर घासत जातात. म्हणून चावी आत ठेवून ‘अॅक्सेसरी’वर ठेवावी लागते. 2012 ते 2014 च्या होंडा सीआर-व्हीची या लोकांत मोठी चलती होती, आणि तिच्या पुस्तिकेतला विधी पाहण्याजोगा आहे. इंजिन सुरू करा. ब्रेक दाबून गिअरचा दांडा सगळ्या जागांवरून फिरवा. ‘डी’मध्ये 5 सेकंद धरा, मग न्यूट्रलमध्ये आणा आणि इंजिन 3 मिनिटं चालू राहू द्या. मग इंजिन बंद, चावी अॅक्सेसरीवर, हँडब्रेक खाली, आणि स्टीअरिंग मोकळं फिरतंय ना हे हाताने बघा. ताशी 65 मैलांच्या, म्हणजे साधारण 105 किलोमीटरच्या वर ओढू नका. गिअरचा सगळा खटाटोप गिअरबॉक्स वाचवण्यासाठी. स्टीअरिंगसाठी त्यातली दोनच पावलं, चावीचं आणि हाताने बघण्याचं, आणि घाईत विसरली जातात तीही तीच.

चावी दिवसभर अॅक्सेसरीवर राहिली की बॅटरी उतरते. त्यावर अमुक फ्यूज काढून ठेवा असा सल्ला असतो, नाहीतर मोटरहोमकडून बारीक वायर आणून मागची बॅटरी चार्ज होत ठेवतात. ही तशी किरकोळ डोकेदुखी. खरी डोकेदुखी चाकं फडफडण्याची.

फडफड म्हणजे पुढची दोन्ही चाकं एकाच वेळी डावी-उजवीकडे जोरात हलत राहणं. इंजिनिअर तिला शिमी म्हणतात, जीपवाल्यांनी तिला ‘डेथ वॉबल’ असं भयंकर नाव ठेवलं आहे. हा विकार मोटारीइतकाच जुना. फ्रान्सचे इंजिनिअर जॉर्ज ब्रुल्हिए यांनी 1925 मध्ये याच फडफडीचा अभ्यास करताना टायर ज्या दिशेला रोखलेला असतो त्याहून किंचित वेगळ्या दिशेने सरकत असतो हे मांडलं. आजचं सगळं वाहनगतिशास्त्र त्या निरीक्षणावर उभं आहे. चाक वळणातून सरळ होताना थोडं पलीकडे जातं, परत येताना पुन्हा पलीकडे जातं. ही ये-जा जिरवणारं काही नसेल तर ती वाढत जाते. चालक असेल तर त्याचे हात ती जिरवतात. जुन्या हायड्रॉलिक पॉवर स्टीअरिंगमध्ये इंजिन बंद असलं तरी तेल असतं, तेही थोडाफार विरोध करतं.

नव्या गाड्यांत तेल गेलं आणि विजेची मोटर आली. गाडी चालू असताना हीच मोटर चाकांना सावरते, फडफड उठायच्या आत दाबते. पण ओढताना गाडी बंद. वीज नसलेली मोटर सावरत तर नाहीच, उलट गिअरमधून चाकांना जोडलेलं तिचं फिरतं वजन हेलकाव्यात भर घालतं. जीप ग्रँड चेरोकीच्या मालकांनी हे सोसलं. या गाडीच्या काही आवृत्त्यांत ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) न्यूट्रलमध्ये टाकता येतो, त्यामुळे ओढायला ती उत्तम आणि कंपनीचीही परवानगी. 2016 च्या आसपास तिच्यात विजेचं स्टीअरिंग आलं, आणि हळू वेगात वळण घेतल्यावर किंवा खड्ड्यातून गेल्यावर पुढची चाकं फडफडू लागल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. मोटरहोम थांबवली की फडफड शमायची. कंपनीने पुढे त्यावर वायरिंगचा एक संच काढला. तो बसवला की गाडी ओढली जात असतानाही स्टीअरिंगच्या मोटरला वीज मिळते आणि ती चाकांना धरून ठेवते. म्हणजे रिकाम्या गाडीतही स्टीअरिंगवर पुन्हा एक हात आला, विजेचा.

रँग्लर जीपची गोष्ट थोडी निराळी. तिचा पुढचा अॅक्सल अखंड असतो, एका चाकाचा धक्का थेट दुसऱ्याला पोचतो. तिची फडफड चालक बसलेला असतानाही होत असे. 2019 मध्ये कंपनीने नव्या मॉडेलसाठी वेगळा स्टीअरिंग डॅम्पर दिला. कोणत्याही गाडीत बॉल जॉइंट, टाय-रॉडची टोकं किंवा टायर झिजले असतील तर ओढताना ते आधी बोलून दाखवतात. टोड ओढायला लागण्याआधी तिचं अलाइनमेंट करून घ्या असं जाणकार सांगतात, त्यामागे हेच आहे.

जोडणीची उंचीही महत्त्वाची. मोटरहोमचा हिच (मागचा जोड) आणि गाडीची प्लेट यांच्या उंचीत तीन-चार इंचांपेक्षा जास्त फरक नसावा, असा प्रघात आहे. दांडा तिरपा राहिला तर ब्रेक लागताच गाडी नाक वर किंवा खाली करते, पुढच्या चाकांवरचा भार बदलतो. म्हणूनच ड्रॉप रिसीव्हर नावाचा पायरीसारखा तुकडा मिळतो. ब्रेकची सोय वेगळीच. टोडचा ब्रेक आपोआप दाबणारी यंत्रणा अमेरिकेतल्या अनेक राज्यांत ठरावीक वजनापुढे सक्तीची आहे.

आणि आता पुढचं स्टीअरिंग. मोटरहोम रस्त्यावर भरकटते, सतत सावरावी लागते, मोठा ट्रक शेजारून गेला की आधी दूर ढकलली जाते आणि मग ओढली जाते, अशा तक्रारींत दोष सर्रास मागच्या गाडीवर टाकला जातो. बऱ्याचदा ती बिचारी निर्दोष असते. मोटरहोममध्ये मागच्या अॅक्सलच्या पलीकडे भलीमोठी शेपूट लोंबत असते, आणि हिचला जोडलेलं ओझं त्या शेपटीच्या टोकावर असतं. समजा ट्रेलरवर चढवलेल्या गाडीचा 300 किलो भार हिचवर येतो, हिच मागच्या अॅक्सलच्या 3 मीटर मागे आहे आणि दोन अॅक्सलमध्ये 6 मीटर अंतर आहे. तरफेच्या हिशोबाने पुढच्या अॅक्सलवरचे 150 किलो उचलले जातात आणि मागच्यावर 450 किलो चढतात. पुढची चाकं हलकी झाली की स्टीअरिंगला पकड राहत नाही. चारही चाकांवर ओढलेल्या गाडीचं वजन मात्र तिच्याच चाकांवर असतं. हिचवर जवळपास काही पडत नाही. तिथे स्टीअरिंग हलकं वाटत असेल तर मागच्या कपाटात काय काय कोंबलंय ते आधी बघावं, आणि टायरमधली हवा. हवा भरताना टायरवर छापलेला आकडा बघण्यापेक्षा प्रत्येक चाक वजनकाट्यावर तोलून त्याप्रमाणे भरणं बरं, असं सगळे अनुभवी सांगतात आणि फार थोडे करतात. पेट्रोलवरच्या मोटरहोम बहुतांशी ज्या फोर्ड एफ-53 चॅसीवर उभ्या असतात, तिच्या स्वे बारचे (डोलणं आवरणाऱ्या दांड्याचे) दुवे आतल्या भोकात बसवायची फुकटची युक्ती तिकडे प्रसिद्ध आहे. तिचा उपयोग होतो. पण आधी वजन, मग हवा, मग पाने, हा क्रम बरा.

आपल्याकडे हा प्रकार का दिसत नाही, याचं एक उत्तर कायद्यात सापडतं. भारतातल्या 1989 च्या रस्ता नियमांत बंद पडलेली गाडी किंवा नोंदणीकृत ट्रेलर वगैरे सोडून दुसरं वाहन टोचन करून ओढायला मनाई होती. आणि बंद गाडी ओढायची तर तिच्या स्टीअरिंगवर परवानाधारक माणूस लागे, नाहीतर तिची वळणारी चाकं क्रेनने जमिनीपासून उचललेली लागत. म्हणजे अमेरिकेत जे कॅस्टरवर सोपवलं जातं, ते इथे माणसावर. महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं खरं, पण त्या कॅरॅव्हॅनमागे रिकामी मारुती जोडून कोकणात उतरायची कल्पना घाटातल्या पहिल्याच हेअरपिनवर मोडेल. तीव्र वळणावर टोडची पुढची चाकं मागेच रेंगाळतात, कधी उलट्या टोकाला अडकतात आणि गाडी खेकड्यासारखी आडवी येऊ लागते. सैल वाळूत आणि खडीत तर हमखास. त्यावर इलाज एकच: वळण मोठं घ्यायचं, आणि जोडल्यावर पहिल्या शंभर फुटांत एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळून, एकाने बाहेर उभं राहून, चाकं फिरतात का ते डोळ्यांनी बघायचं.

दरम्यान, चारही चाकांवर ओढता येतील अशा गाड्याच कमी होत चालल्यात. 2015 पासून सीआर-व्हीत सीव्हीटी गिअरबॉक्स आला आणि ती या यादीतून गेली. टेस्लासारख्या विजेच्या गाड्यांची चाकं मोटरला कायमची जोडलेली, त्या चारही चाकांवर ओढायच्याच नाहीत. त्यामुळे मोटरहोमवाले आता शोरूममध्ये गेले की रंग-मायलेजच्या आधी पुस्तिका मागतात आणि ओढण्याचं पान उघडतात, किंवा मग जुन्या बाजारात 2014 ची, बेस प्लेट आधीच बसवलेली सीआर-व्ही शोधत फिरतात.